ओठाकडची बाजू

नागपूरला समुद्र नाही, तरी दातवाल्या मॅडमच्या पर्समध्ये बाराही महिने वाळू असायची. ऑटोवाल्याला चिल्लर देताना नाण्यांबरोबर चिमूटभर वाळूही त्याच्या हातावर पडायची. कॉलेजात त्या आम्हाला भूगर्भशास्त्र शिकवायच्या. दिवाळीच्या सुट्टीत गुजरातच्या किनाऱ्यावर जायच्या, ओहोटीला वाकून फिरायच्या आणि शार्कचे लाखो वर्षांपूर्वीचे, काळे पडलेले दात रुमालात बांधून आणायच्या.

दात हाती आला की आम्ही लगेच शार्कच्या जातीचं नाव फेकायचो. मॅडम अडवायच्या, "नाव नंतर. आधी सांगा, ओठ कुठं होता आणि जीभ कुठं?" सपाट बाजू ओठाकडची, फुगीर बाजू जिभेकडची. मग नखानं धार बघायची, आरीसारखी की गुळगुळीत. मी भिवापूरची, लहानपण मिरचीचे देठ खुडण्यात गेलेलं. माझं नख धारेवरून फिरताना पाहून त्या म्हणाल्या, "हे बोट कामाचं आहे वं. मिरचीनं तयार केलं." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मिरचीची लाज त्या दिवसापासून गेली.

त्यांची एक खोड होती. दात स्वतःच्या ओठांपुढे मुद्दाम उलटा धरायच्या, फुगीर बाजू बाहेर, आणि विचारायच्या, "बरोबर?" कोणी मान डोलावली की बाकावर बोटानं दोनदा टकटक. "काहून हो म्हटलं? मले खूश करायले?"

एकदा त्यांनी दिलेला दात मी घरी नेला. पडलेला दात घरात ठेवत नाहीत म्हणून आईनं तो छपराच्या कवेलूंवर भिरकावला, लेकरांचे दुधाचे दात टाकतात तसा. मी रडकुंडीला आले. मॅडम पोट धरून हसल्या. "जाऊ दे. शार्कले जन्मभर नवे येत राहतात. आपल्यालेच येत नाहीत."

मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. वाचा गेली. मी पहिल्यांदाच एकटी किनाऱ्यावर जाऊन आले होते. स्वतः शोधलेला पहिला दात त्यांना दाखवायचा होता, आणि उशीर होईल याची धास्ती होती. त्यांच्या सक्करदऱ्याच्या घरी त्यांनी तो डाव्या हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला आणि वाकड्या झालेल्या ओठांपुढे धरला.

उलटा.

हेही गेलं, असं मला वाटलं. मी म्हटलं, "बरोबर आहे, मॅडम."

पलंगाच्या दांडीवर टकटक झाली. दोनदा. अर्ध्या चेहऱ्यानं त्या हसत होत्या. मी त्यांच्या बोटांतला दात सरळ केला.

महिन्याभरात मॅडम गेल्या. तेरवीला त्यांच्या भावानं तो दात माझ्या हातात दिला. "तुमचाच ना हा? शेवटपर्यंत उशाशी होता."

बाकीचे जेवायला बसले होते. हार घातलेल्या फोटोपुढे मी तो ओठांशी धरला, फुगीर बाजू बाहेर करून, आणि मनात "बरोबर?" म्हणत उभी राहिले. आतून वाढणाऱ्या बाईनं दोनदा हाक मारली, तरी मी दात सरळ केला नाही.