पूंगोडीनं काढलेली सुताची वाट

पूंगोडीचे दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरले होते. रविवारी तिचं वळैकाप्पू झालं, आपलं डोहाळजेवणच म्हणा. बांगड्या भरल्या की माहेरी जायचं आणि बाळ घेऊनच परतायचं. तरी सोमवारी ही कोइमतूरच्या ऑफिसात हजर. कारण एकच. तिच्या आधी ऑफिसातली रेवती बाळंतपणाला गेली, तेव्हा बिचारीला कळा येत असताना इथून फोन आला होता, "अक्का, ते सूत नेमकं कुठून वळतं?" पूंगोडीनं तेव्हाच ठरवलं, आपल्या वेळेला फोन वाजता कामा नये.

सूतगिरणीतल्या यंत्रांना हुकूम लिहायचे, हे तिचं काम. त्या हुकमांच्या डोक्यावर समजुतीच्या चार ओळी लिहायच्या असतात. कॉमेंट म्हणतात त्यांना. यंत्र त्यांना विचारत नाही, मागून येणाऱ्या माणसासाठीच त्या असतात. पूंगोडीनं तिथं रेघा-टिंबं मांडून सुताची वाट काढली होती: इथं रूळ, इथं वळण, इथं सूत ओवायचा डोळा. खाली लिहिलं होतं, दुसऱ्या डोळ्यातून आधी ओवा, नाहीतर सूत तुटेल.

जेवून येऊन पाहते तो सगळ्याचा सांबारभात! रेघा, टिंबं, शब्द, सगळं एकाच परिच्छेदात कोंबलेलं.

"अय्यो! माझ्या चित्रावरून कुणी झाडू फिरवला?"

"झाडू कसला म्हणतेस?" साहेब मुरुगवेल खोलीतून म्हणाले. "मी नुसतं उघडून बघितलं."

"आणि बघून काय केलंत, अण्णा?"

"सेव्ह केलं. सवय आहे गं."

साहेबांच्या कॉम्प्युटरात आपोआप नीटनेटकं करणारी सोय होती. सेव्ह केलं की ओळी ओढून सारख्या व्हायच्या. काही नणंदा असतात ना, वाळत घातलेली ओली साडीसुद्धा घडी करून कपाटात ठेवणाऱ्या, तशी ती सोय. पूंगोडीनं चित्र पुन्हा मांडलं. साहेबांनी कौतुकानं पुन्हा उघडलं. पुन्हा सांबारभात.

"अण्णा, तुमचे हात बांधून ठेवू का?"

"बांगड्या तुझ्या वाजताहेत आणि बांधायचे माझे हात?" साहेब हसले. तिला हसू आलं नाही. पाठ भरून आली होती, पाय सुजले होते, घरी भाऊ गाडी घेऊन थांबला होता.

शेवटी डोकं खाजवून तिला उमगलं, की चित्राची प्रत्येक ओळ चार घरं, म्हणजे चार मोकळ्या जागा सोडून, आत सरकवली तर ती सोय त्याला हात लावत नाही. एकेक ओळ आत सरकवली. मग स्वतःच साहेबांना म्हणाली, "घ्या, आता हवं तेवढं सेव्ह करा."

चित्र राहिलं! तिच्या जागी बसणारा इळंगो तिच्या डब्यातला पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, खात होता. त्याला ती म्हणाली, "सगळं वर लिहून ठेवलंय. फोन करायचा नाही."

"देवाशपथ नाही करणार, अक्का."

माहेरी, पोल्लाचीत, आई तिच्या डोक्याला तेल चोळत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"अक्का, सूत तुटतंय. आधी कुठल्या डोळ्यातून ओवायचं?"

"वर चित्र आहे ना, गाढवा!"

"कुठं? मला तर हुकूमच दिसताहेत."

"त्यांच्या डोक्यावर!"

"त्या करड्या ओळी होय? त्या मी बंद करून ठेवतो. डोळ्यांना त्रास होतो."

"उघड आधी."

तिकडून बटणांची टकटक आली. "अय्यो अक्का, काय सुरेख काढलंयस! आता एवढं समजावून सांगतेस का?"

पूंगोडी काही बोलायच्या आत आईनं तेलकट हातानं फोन ओढून घेतला, तांदळाच्या डब्यात खुपसला आणि वर झाकण दाबलं.

"मान खाली कर," आई म्हणाली.

डब्यात फोन पुन्हा वाजायला लागला होता.