वगळलेले दोन दिवस

वंदनाताईंवर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं आहेत. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. उत्तरपत्रिकेपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करावं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही... ताई गेल्याचा त्यांच्या भावाचा निरोप आला तेव्हा मी स्वारगेटला बसमध्ये उभा होतो. पहिल्यांदा मनात आली ती ही गोष्टच. दुःख नंतर आलं, याची लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी सुट्टीत मी एका संशोधन संस्थेत त्यांच्या हाताखाली काम केलं. त्या एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेवर पीएच.डी. करत होत्या. म्हाताऱ्या ताऱ्यांचा तो प्रचंड गोळा, दिसायला शांत. पण तिच्या मध्यावरचं कृष्णविवर अजून वायू गिळतंय, केंद्रक जागं आहे, असं ताईंचं म्हणणं. तसं असेल तर रेडिओ दुर्बिणीच्या नकाशात मधोमध एक ठिपका दिसायला हवा आणि त्याचं तेज कमीजास्त व्हायला हवं. कॅन्टीनमध्ये एकजण रोज विचारायचा, "काय मॅडम, उठली का तुमची दीर्घिका?" ताई म्हणायच्या, "तुमच्या आधी उठते."

माझं काम निरीक्षणं साफ करण्याचं. विजेच्या तारांचा, मोटारींचा खरखराट दुर्बिणीत शिरतो. तो शोधून वगळायचा. अकरा दिवसांपैकी दोन दिवशी संकेत एकदम चढला होता. मी नोंदवही पाहिली. दोन्ही दिवशी दुर्बिणीजवळच्या शिवारात लोडशेडिंग संपून वीज आली होती. मी मांजरी गावचा, उसातला. वीज आली की सगळ्यांचे विहिरींवरचे पंप एकदम सुरू होतात आणि घरचा रेडिओ खरखरतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. "ताई, हे पंप हायत," मी म्हणालो. घाईत घरची बोली तोंडात आली. त्या हसल्या. "हे तुलाच सुचणार, मांजरीकर. काढ." मी काढले. उरलेल्या नऊ दिवसांत ठिपका फिका होता, जराही न बदलणारा. केंद्रक विझलंय, असाच अर्थ निघाला. शिष्यवृत्ती संपली, पीएच.डी. अर्धवट राहिली आणि ताई हडपसरच्या एका आयटी कंपनीत लागल्या.

एम.एस्सी.ला आल्यावर मी शिकलो की पंपांचा खरखराट नकाशाभर पट्टे उमटवतो, एका ठिपक्यात गोळा होत नाही. मी तर त्या दोन दिवसांचा नकाशा न करताच ते काढले होते... त्याच आठवड्यात ताई हडपसरच्या बसमध्ये भेटल्या. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात डबा. मी धीर करून म्हणालो, "ताई, आपली दीर्घिका..."

"झोपू दे तिला," त्या म्हणाल्या. "सोमवारी पेपर ना तुझा? चेहरा बघ जरा. जेवतोस तरी का?"

त्यांचा थांबा आला. परीक्षेनंतर सांगू, असं मी ठरवलं. परीक्षा संपेपर्यंत त्या आजारी पडल्या होत्या, आणि आजारी माणसाला हे कसं सांगायचं...

ताई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला बुद्धवंदनेनंतर लोक ताईंबद्दल बोलले. त्यांनी भावाला शिकवलं, आईवडिलांसाठी घर घेतलं. खरंच होतं ते. दीर्घिकेचं नाव कुणी काढलं नाही. मी मागे बसून होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मार्गदर्शक सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

सर म्हणाले, "नोकरी लागल्यावरही ती काही रविवारी इथे येऊन बसायची. काय करायची, मी कधी विचारलं नाही." त्यांनी ताईंच्या जुन्या संगणकावरचं फोल्डर उघडलं. शेवटच्या फाइलमध्ये त्या दोन दिवसांचेच नकाशे होते. पट्टा एकही नाही; मधोमध ठिपका, लख्ख. तारीख आमच्या बसमधल्या भेटीच्या आधीच्या रविवारची. खाली ताईंची टीप होती: "पंप नाहीत. केंद्रक जागं आहे. मांजरीकरला आत्ता सांगायचं नाही, त्याची परीक्षा आहे."