पंचेचाळीसची पितळी पाटी

जीवराम मिस्त्रीने आयुष्यात एकच नोकरी सोडली, तीही एका पाटीवरून. धुळ्यात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात तो कामाला होता. मालकाने तीन एच.पी.च्या मोटारीवर पाचची पाटी ठोकायला सांगितली. जीवरामने हातोडी टेबलावर ठेवली आणि जळगावची एसटी पकडली. मालकाला दुपारपर्यंत दुसरा माणूस मिळाला. पाट्या ठोकायला माणसं कमी पडत नाहीत.

जळगावात त्याने मारुतीचं गॅरेज टाकलं आणि पत्र्याच्या दारावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. तेवढीच त्याची इस्टेट, असं बायको कुंदाबाई म्हणायची. कौतुकाने नव्हे.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर एरंडोलकडचे धनसिंग पाटील आपली पांढरी मारुती घेऊन आले. चेहरा सुतकी.

"जीवरामभाऊ, हाई गाडी कितला एच.पी.नी शे?"

"सदतीस, आबा."

"आनि पद्मिनी?"

"चाळीस."

धनसिंग आबा स्टुलावर बसले. आदल्या आठवड्यात दोन्ही व्याह्यांच्या गाड्या घृष्णेश्वराला निघाल्या होत्या. कन्नडच्या घाटात व्याही भाईदास यांची पद्मिनी पुढे गेली आणि आबांची मारुती धापा टाकत कडेला थांबली. मुलाकडचे मागे, मुलीकडचे पुढे. व्याह्यांनी वर थांबून चहा सांगून ठेवला, हे तर आबांना फारच लागलं होतं.

"तीन एच.पी. म्हंजे मनी खालनी इहिरवरनी आख्खी मोटार," आबा म्हणाले. "तितलं कमी कसं चाली?"

"गाडीत किती जण होते?"

"घरनाच. सात."

"आणि सामान?"

"वांगास्नं पोतं. भरीत करानं व्हतं ना. आनि बाजरी. आनि स्टोव्ह."

"दोन माणसं आणि पोतं उतरवा. तीन एच.पी. फुकट मिळतील."

"कोनले उतारू? सासूले उतारू ते बायको उतरस." आबांनी टोपी सारखी केली. "तू इंजिन वाढाव."

जीवरामला हे काम कधीपासून हवंच होतं. एरवी त्याच्याकडे यायचे ते ब्रेक, क्लच आणि गाडी ठोकून आणणारा मालकाचा भाचा. आठ दिवस त्याने दुसरं काही हाती घेतलं नाही. इंजिनचं हेड वर्कशॉपातून केसभर घासून आणलं, म्हणजे पेट्रोलची वाफ आणखी दाबली जाऊन जोरात पेटेल. हवा आत येण्याची भोकं आतून खडबडीत होती. ती त्याने पॉलिश पेपरने घासत बसून काचेसारखी केली. कार्बोरेटरचा जेट बदलला, धूर जाणारा पाइप मोकळा केला. कोणाला कधीच दिसणार नाही अशा जागा तो देव्हाऱ्यासारख्या पुसत होता. कुंदाबाई डबा ठेवून जायची आणि तोच डबा भरलेला परत न्यायची.

नवव्या दिवशी तो आबांना घेऊन त्याच घाटात गेला. माणसं सात, वांग्यांच्या पोत्यासकट. पूर्वी जिथे पहिल्या गिअरवर रडत होती, तिथे गाडी दुसऱ्यावर गात चढली. वर पोचल्यावर जीवरामने इंजिन बंद केलं.

"चढनी ते चढनी," आबा म्हणाले. "पन कितला झाया?"

"मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, आबा. वाढले, एवढं खरं."

"मंग पाटीवर काय टाकशी?"

"पाटी नाही. जे मोजलं नाही ते मी लिहीत नाही. माझं नाव आहे."

आबांना दया आली. एवढा कारागीर, आणि पाटीसुद्धा करता येत नाही. त्यांनी परस्पर ढाली-कप विकणाऱ्याकडून पितळी पाटी करून घेतली: '४५ एच.पी.' खाली, आपलेपणाने, 'जीवराम मिस्त्री, जळगाव'. ती डॅशबोर्डवर बसली आणि आबा प्रत्येक लग्नात दार उघडं ठेवून उतरू लागले.

महिन्याभरात पद्मिनी गॅरेजच्या दारात आली.

"इंजिन उघडू नका," भाईदास म्हणाले. "फक्त पाटी. चव्वेचाळीसची."

"चव्वेचाळीसच का?"

"मुलीचा बाप आहे हो मी. व्याह्यांपेक्षा एक कमीच हवी."

जीवरामने त्यांना चहा पाजून रिकामं पाठवलं. पण पुढच्या आठवड्यात आबांची मारुती ऑइल बदलायला आली, तेव्हा आबा बाजारात गेलेले पाहून त्याने पाटीचे चारही स्क्रू काढले. डॅशबोर्डवर चार भोकं उरली. आबांना तो म्हणाला, "पाटीच्या जागेचं थोडं काम आहे, तोवर पाटी राहू द्या माझ्याकडे."

चौथ्या दिवशी आबा हजर.

"जीवरामभाऊ, काय करी ठेवं? गाडी वढतच नही. घाट ते सोडा, एरंडोलना चढावर मरस."

जीवरामने बॉनेट उघडलं. प्लग पाहिले, टायमिंग पाहिलं, गाडी फिरवून आणली. इंजिन आठ दिवसांच्या मेहनतीसकट ठणठणीत होतं. तो आत गेला, खणातून पाटी काढली, शिकंज्यात धरली आणि कानस चालवू लागला. आधी 'जळगाव' गेलं. मग 'मिस्त्री'. मग 'जीवराम'. '४५' ला त्याने हात लावला नाही. ते त्याचं नव्हतंच.

पाटी बसवून त्याने चावी आबांच्या हातात दिली. आबा नाक्यापर्यंत चक्कर मारून आले. चेहरा उजळलेला.

"आते पयस," ते म्हणाले. "काय करं?"

"थोडं घासलं," जीवराम म्हणाला आणि बनियनवरचा पितळेचा भुगा झटकू लागला.