सासऱ्यांच्या रिव्हॉल्वरची तेज काडतुसं

लग्न होऊन मी इंदूरला आलो तेव्हा मध्य भारत हे राज्य नवं होतं, माझी कॉलेजातली नोकरी त्याहून नवी होती, आणि सासऱ्यांचं रिव्हॉल्वर मात्र माझ्या वयाच्या दुप्पट होतं.

सासरे संस्थानी खजिन्यातून निवृत्त झालेले. दौऱ्यावर जवळ असावं म्हणून त्यांनी कधीकाळी ते विलायती रिव्हॉल्वर जुन्यातच घेतलं होतं. काकडी मोडावी तसं ते मधून उघडायचं आणि आत सहा भोकांची चक्री दिसायची. दर रविवारी सकाळी सासरे जुनं वर्तमानपत्र पसरून त्याला तेलपाणी करीत. तेवढा वेळ सासूबाई त्या खोलीत पाऊल टाकत नसत. चहासुद्धा दारातून सरकवत.

अडचण अशी झाली की जुनी काडतुसं हिरवी पडली. परवान्यावर नव्या राज्याचा शिक्का बसला त्या आनंदात सासऱ्यांनी दुकानातून नवी डबी आणली. दुकानदार म्हणाला होता, "साब, ये जरा तेज आती हैं." ही तक्रार नसून तारीफ आहे असा सासऱ्यांचा समज झाला.

रविवारी त्यांनी माझ्यासमोर एक काडतूस भोकात सोडलं. ते टचकन बसलं.

"बघा जावईबापू, कसं फिट आलं! बसतंय म्हणजे चालतंय. पण तुम्ही सायन्सवाले, एकदा तुमच्या तोंडून होकार येऊ द्या."

"मामा, मी झाडापानांचं शिकवतो," मी म्हणालो. मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर.

"अहो, सायन्स ते सायन्स. झाडात प्रेशर नसतं का?"

असतं. तिथेच मी अडकलो. बायको दारातून माझ्याकडे बघत होती, आणि लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. मी घसा खाकरून म्हणालो, "अभ्यास करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी पदार्थविज्ञानाच्या मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, "हत्यार इतकं जुनं असेल तर ते काळ्या दारूसाठी बनवलेलं असणार. नव्या दारूचा दाब फार. काडतूस बाहेरून तेच दिसतं, भोकातही बसतं, पण आतला दणका वेगळा. जुन्या पोलादाला तो झेपायचा नाही." मी हे शब्दशः पाठ केलं आणि संध्याकाळी घरी म्हणून दाखवलं.

"मामा, याला जुनी दारूच लागते. नवी झेपणार नाही."

शेजारचे ठेकेदार ओसरीवर बसले होते. सगळी गल्ली त्यांना भिया म्हणे, आणि ते सगळ्या गल्लीला. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "तो हमारे जैसाच हुआ ना, भिया!" स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातून झारा पडला. जावयाच्या तोंडची दारू आणि भियांचं 'हमारे जैसाच' एवढंच त्यांनी ऐकलं होतं, बाकीचं नाही. त्यांची समजूत घालण्यात बायकोची ती संध्याकाळ गेली.

मग सासरे, भिया आणि मी मिस्त्रींकडे गेलो. हे म्हातारे मिस्त्री पूर्वी संस्थानच्या शस्त्रागारात होते, आता घरच्या पडवीत लोकांच्या बंदुका दुरुस्त करीत. त्यांनी आधी रिव्हॉल्वर उघडून रिकामं आहे ना ते पाहिलं, मग भिंग लावून नळीवरचे शिक्के वाचले, चक्री हलवून पाहिली, बिजागरीपाशी कान नेला आणि सासऱ्यांनी आणलेल्या डबीवरचा मजकूर वाचून ती दोन बोटांनी दूर सारली.

"साब, नई बारूद का ठप्पा इस पे हैच नहीं. ऊपर से चक्री ढीली है, कब्जा भी घिसा है. बूढ़े आदमी को भांग पिलाओगे तो नाचेगा जरूर, पर कमर जाएगी. और यहाँ कमर नहीं, आपका हाथ जाएगा."

"बसतंय तर व्यवस्थित," सासरे कुरकुरले.

"बैठने को तो मैं भी राजा की कुर्सी पे बैठ जाऊँ!"

तिथे विषय संपायला हवा होता. पण भिया म्हणाले, "मिस्त्री लोग डराते हैं. डाल दो, कुछ नहीं होता." सासरे मध्येच लोंबकळत राहिले. आणि मी, ज्याला कोणी विचारलं नव्हतं, बोलून गेलो, "हातात धरायचं कशाला? बांधून ठेवायचं आणि लांबून दोरी ओढायची. फुटलं तर फुटलं."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. मी सायन्सवाला ठरलो.

हातोदला त्यांच्या मित्राचं शेत होतं. पुढच्या रविवारी आम्ही घरची माणसं आणि भिया सकाळीच तिथे पोचलो. प्रयोग धोक्याचा असला तरी दाल-बाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, हवेतच, म्हणून सासूबाईंनी तुपाचा डबा घेतला होता. शिवाय त्यांनी कोणाला न सांगता मिस्त्रींना जेवणाचं आमंत्रण दिलं होतं.

हरभरा गुडघ्याला लागत होता. मातीच्या बांधावर आम्ही एक भोपळा ठेवला. त्याच्यासमोर खाट उभी करून सुतळीने रिव्हॉल्वर तिच्या पायाला करकचून बांधलं. चापाला विहिरीचा लांब नाडा. काडतुसं घालायचं काम सासऱ्यांनी आमच्याकडे पाठ करून स्वतः केलं आणि कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. मग सगळे बरेच मागे गेले. नाडा माझ्या हातात होता.

"एक, दोन..." भिया मोजू लागले.

मी ओढला. चाप जाम होता. आणखी जोर केला. खाट आधी सरकली, मग डुलली, मग धाडकन आडवी झाली. सुतळी सैल पडून रिव्हॉल्वर गर्रकन फिरलं आणि त्याची नळी सरळ आमच्याकडे वळली.

"लेट जाव!" भिया ओरडले आणि पाटात पडले. पाटाला पाणी सोडलेलं होतं. थंडीचे दिवस. पण वर यायची त्यांची हिंमत होईना. सासूबाई तुपाच्या डब्यासकट आडव्या झाल्या. बायको माझ्या शेजारी पालथी पडून कुजबुजली, "दोरी सोडा हो, दोरी!" मी नाडा इतका घट्ट धरला होता की सोडायचं सुचलंच नव्हतं.

"आता कोण जाणार?" मी विचारलं.

"कोणी जायचं नाही," सासरे गंभीर आवाजात म्हणाले. "चाप अर्धा ओढलेला आहे. कधीही उडेल."

आम्ही निदान अर्धा तास तसेच पडून होतो. पाटातून भियांच्या दातांचा आवाज येत होता. मी मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं, तर ते उताणे पडून, पायावर पाय टाकून, शांतपणे हरभऱ्याचे घाटे सोलून खात होते. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. काय हा धीर! याला म्हणतात जुनी माणसं.

तेवढ्यात बांधावरून सायकल हातात धरून मिस्त्री आले. बसमधून उतरून त्यांनी ती गावात भाड्याने घेतली होती. शेतभर पसरलेली आम्ही मंडळी पाहून ते म्हणाले, "खाना हो गया क्या?"

सासूबाईंनी पडल्या पडल्या सगळं सांगितलं. मिस्त्रींनी मला बोट करून बोलावलं. "चलो मास्टरसाब, नली से हटके, बाजू से." प्रयोग माझा होता, म्हणून मी उठलो. मिस्त्रींनी हळूच चापावरून नाडा सोडवला, नळी जमिनीकडे केली आणि रिव्हॉल्वर उघडलं.

सहाच्या सहा भोकं रिकामी होती. त्यांतून मला पलीकडचा हरभरा दिसला.

मी मागे वळून पाहिलं. सासरे आता उठून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर पटकन भोपळ्याकडे वळवली. तीस वर्षं तेल घातलेलं रिव्हॉल्वर फोडायला त्यांचा हात धजावला नव्हता, आणि भियांसमोर तसं कबूल करायला जीभ.

सगळ्यांकडे पाठ करून मिस्त्रींनी स्वतःच्या खिशातून चिल्लर काढली, ती खळखळ वाजवली आणि ओरडले, "निकाल दी! उठो सब!" मग मला हळूच म्हणाले, "अपन ने कुछ नहीं देखा."

भियांना शेकोटीपाशी बसवलं, सासऱ्यांचं धोतर नेसायला दिलं. जेवताना मिस्त्रींनी सगळ्यांना बजावलं, "एक बार नहीं फटा, इसका मतलब दूसरी बार नहीं फटेगा, ऐसा नहीं है. रस्सी से कुछ साबित नहीं होता. जो ठप्पा कहे वोही गोली, और शक हो तो खूंटी पे टाँगो." भियांनी मान डोलावली. बाफला तोंडात असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं.

सासऱ्यांनी डबी दुकानात परत दिली. मिस्त्रींनी बिजागरी आणि चक्री दुरुस्त केली, आणि जुन्या हत्यारांसाठीची हलकी काडतुसं मुंबईहून मागवायला दुकानदाराला सांगितलं. ती यायला पावसाळा उजाडला. मग मिस्त्रींच्या देखरेखीखाली, त्याच शेतात, सासऱ्यांनी नवा भोपळा मांडून एक गोळी झाडली. भोपळ्याला काही झालं नाही. सासरे मात्र इतके खूश झाले की तोच भोपळा त्यांनी घरी आणून त्याचे घारगे करवले.

त्यानंतर ते या विषयातले जाणकार झाले. लग्नाकार्यात कोणाच्या खांद्याला बंदूक दिसली की अक्षता हातात धरूनच विचारीत, "ठप्पा पाहिलात का? नुसतं बसतंय म्हणून घालू नका हं." आणि माझ्याकडे हात करून सांगत, "आमच्या जावईबापूंना विचारा. त्यांनी प्रयोग केलाय." मी मान हलवायचो.