गौरीचे हात

तेरड्याचा मला राग येतो. म्हणे तेरड्याचा रंग तीन दिवस! मेला पक्का चिवट आहे. उपटा, तुडवा, शेंग पिकली की नुसत्या स्पर्शाने फुटते, बी चहूकडे उडतं आणि पुढच्या पावसाळ्यात डोंगर पुन्हा गुलाबी. त्याला काही होत नाही.

कळलावीचं तसं नाही. ती दरवर्षी जमिनीतल्या कंदातून वर येते. कंद खणून नेला की ती गेली. बी पडलंच तरी त्याचं फूल बघायला वर्षं जातात.

माझं माहेर रोह्याजवळ, अष्टमी गावाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. आमची गौर तेरड्याच्या रोपांची. त्या जुडीला दोन्हीकडे कळलावीची लाल-पिवळी फुलं बांधायची. पाकळ्या बोटांसारख्या, म्हणून त्यांना गौरीचे हात म्हणतात. एरवी हे फूल घरात आलं की भांडणं होतात म्हणून आई ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. गौरीपुरती सूट.

मग औषधासाठी कंद विकत घेणारा एक व्यापारी आला. माझ्या थोरल्या भावाने माणसं लावून घरामागचा डोंगर खणून काढला.

"दादा, थोडे तरी ठेव," मी म्हटलं.

"तुला काय करायचंय गो? तू पेणला नांदतेस. रानातली वेल हाय, येल परत."

डोंबल येतेय! आली ती वनखात्याची पाटी. कळलावी दुर्मिळ होत आहे, उपटू नका. उपटायला ठेवलं होतं काय? पाटीच्या बुडाशीसुद्धा तेरडाच माजला होता.

त्या साली आईने अंथरूण धरलं होतं. गौर एकदा हातांसकट बघायची, एवढंच तिचं मागणं. मी रामवाडीच्या फुलवाल्यांना विचारलं, वडखळच्या नाक्यावर विचारलं. कुठेच नाही. दादाने बाजारातून प्लास्टिकची फुलं आणली.

"ती नको," आई म्हणाली. "गौर तशीच आण."

मी गौर घेऊन दारात उभी राहिले. घरातल्या कर्त्याने विचारायचं आणि आणणारीने धनधान्य, सुखसमृद्धी सांगायची, ही आमची रीत. दादाने विचारलं, "गौर आली, काय घेऊन आली?"

मी सांगायच्या आधी आतून, अंथरुणावरून आईच बोलली.

"हात विकून आली."

दादा दार अडवून तसाच उभा. "सर बाजूला," मी म्हटलं आणि थोटी गौर आत नेली.