कूलरपुढचा प्रोसेसर

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असायची: ‘हात लावू नये.’ अक्षर बायकोचं, आणि सूचना फक्त माझ्यासाठी. बायको घरांच्या आतल्या सजावटीची चित्रं कॉम्प्युटरवर करून देते. एकदा मी हौसेने काहीतरी सुधारायला गेलो आणि तिचं चार दिवसांचं काम पुसून बसलो.

तरीही मला त्यातला प्रोसेसर पळवायचाच होता. नेमून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त वेगाने चालू शकतो, हे कळल्यापासून मला चैन नव्हतं. तिचं एक चित्र पूर्ण तयार व्हायला पन्नास मिनिटं लागायची आणि ती स्क्रीनसमोर जांभया देत बसायची. शेवटी एप्रिलातल्या एका रविवारी, माहेरी उमरेडला निघताना ती म्हणाली, “करा एकदाचं. पण उद्या सकाळी मले एक चित्र द्यायचं आहे. संध्याकाळी मी आली की हे चालू पाहिजे.”

तिची बस सुटली असेल-नसेल, मी स्क्रू-ड्रायव्हर काढला.

बाबा बसच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण हेही एक इंजिनच आहे म्हटल्यावर ते खुर्ची ओढून बसले. नागपुरात सक्करदऱ्यातल्या आमच्या हॉलचं वर्कशॉप झालं.

“एकदम रेस नको देऊ,” ते म्हणाले. “थोडं वाढव, चालवून पाह्य, किती गरम होते ते पाह्य, मंग पुढचं.”

जाणकारांनी लिहिलेल्या सूचनांचं सारही नेमकं तेवढंच होतं! मागचा धडा आठवून आधी तिचं सगळं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची उष्णता खेचणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. मग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, शिरून वेग शंभर मेगाहर्ट्झने वाढवला. व्होल्टेज आहे तिथेच ठेवलं, कारण जास्तीच्या व्होल्टेजनेच प्रोसेसर मरतात. त्याला घाम फोडणारा चाचणीचा प्रोग्रॅम लावला. टिकला! आणखी शंभर. टिकला! मी दर वेळी टाळी वाजवायचो आणि बाबा तापमान कागदावर उतरवायचे. चौथ्या पायरीला ते ऐंशी अंशांच्या आत होतं. सहाव्या पायरीला नव्वद झालं.

“बस झालं,” बाबा म्हणाले. “खाली घे.”

तिथे थांबायला हवं होतं. पण मी पडलो नागपूरचा. काही तापलं की आमचा हात आपोआप कूलरकडे जातो. मी डब्याचं बाजूचं झाकण काढलं, कूलर ओढत आणला आणि त्याचं तोंड थेट प्रोसेसरकडे केलं. पाच मिनिटांत नव्वदचे सत्तर! मी अक्षरशः ओरडलो. बाबासुद्धा हरखून उभे राहिले. मी लगेच आणखी दोनशे चढवले. तेही टिकले! मला वाटलं, प्रोसेसर पळवण्याचं गुपित अख्ख्या जगाला सोडून एकट्या विदर्भालाच माहीत आहे.

तासाभराने डब्यावरची ती चिठ्ठी अलगद सुटून फरशीवर पडली.

बाबांनी उचलली. “हे काहून मऊ पडली गा?” त्यांनी डब्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. ओलं होतं.

“बंद कर. आताच्या आता!”

कूलरची हवा म्हणजे पाण्यातून ओढलेली हवा. तिच्यात पापड सादळतात, वर्तमानपत्र लुळं पडतं. हे अख्खा जन्म पाहिलेला माणूस मी, आणि तीच हवा मी चालू मदरबोर्डवर सोडली होती. मी वायर उपटली. काम डिस्कवर शाबूत होतं, पण उद्याचं चित्र करायला घरात दुसरं यंत्र नव्हतं.

आता वाळवायचं कसं? बाबांनी कूलर बंद केला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेरची कोरडी झळ घरात घुसली. दुपारी एकपासून आम्ही दोघं बनियनवर, छताच्या पंख्याखाली, त्या डब्याची राखण करत बसलो. घामाने खुर्ची चिकटत होती. बाबा मधूनमधून बोट फिरवून म्हणायचे, “वाळून राहिलं.”

सहाला बायको आली आणि दारातच थबकली. “कूलर बंद करून काहून बसले तुम्ही दोघं?”

मी सगळं सांगितलं. तिने पिशवी ठेवली, वायर लावली आणि बटण स्वतःच दाबलं.

पंखा फिरला. स्क्रीन उजळली. मी उडीच मारली!

मग तिच्यासमोर, कूलर लांब ठेवून, वेग मुकाट चौथ्या पायरीवर आणला. तासभर चाचणी चालवली. तापमान ऐंशीच्या आत राहिलं. तिने चित्र लावलं आणि आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. पंचेचाळीस मिनिटं.

“पाच मिनिटं वाचली!” मी म्हणालो.

“एवढ्या घामाले पाच मिनिटं?” ती म्हणाली, आणि इतकी हसली की बाबाही हसायला लागले. मग तिने टेबलावरची ती चिठ्ठी घेतली. वाळून ती कडक झाली होती. तिने पेनाने खाली काहीतरी लिहिलं आणि नवी चिकटपट्टी लावून चिठ्ठी पुन्हा डब्यावर चिकटवली.

‘हात लावू नये,’ आणि त्याखाली, ‘मी घरी नसताना.’