यंत्रानं मला वेळ विचारली

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज सकाळचा अनुभव लावतोय.

भिंगारच्या एका कार्यालयात भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेलो होतो. त्याच खोलीत कपाटाएवढा कॉम्प्युटर! पहिल्यांदाच पाहिला. तेवढ्यात गेलेली वीज आली आणि तो चालवणारे साहेब म्हणाले, "मास्तर, बरोबर वेळ सांगा. वीज गेली की हा वेळ विसरतो."

शिपाई हसला. "एवढं मोठं धूड, आन् वेळ घड्याळवाल्याला इचारतंय व्हय?"

"मोजायला पक्का आहे," साहेब म्हणाले. "विजेचे हेलकावे मोजतो, सेकंदाला पन्नास. पण कुठून मोजायचं, ते माणसानंच सांगायचं."

घड्याळाचं चाक न् चाक मी गुरूशिवाय शिकलो. इथे वेळ मोजायला चाकच नव्हतं!

माझं मनगटी घड्याळ सकाळी रेडिओच्या ठोक्याशी ताडलं, तेव्हा चार सेकंद पुढे होतं. ते वजा करून वेळ सांगितली, साहेबांनी टाइप केली.

तासाभरानं यंत्रानं कागदावर खडखडत वेळ छापली. माझ्या घड्याळाशी अंतर तेच, चार सेकंद! मनात आलं, मी वजा करायला विसरलो असतो, तर ते तितक्याच इमानानं चुकत राहिलं असतं.

तुम्ही तुमचं घड्याळ शेवटचं कधी लावलंत, आणि कोणाच्या भरवशावर?